नऊ वर्षांचा हात

सुप्रभा मगदूमने तो अहवाल तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी ती खुर्चीतून उठली आणि खिडकीपाशी उभी राहून वाचू लागली. जणू उजेडात त्यातले आकडे बदलणार होते.

माल : चांदीचे पैंजण, बाराशे जोड. ठिकाण : हुपरी, जिल्हा कोल्हापूर. नोंदलेले हात : सहा. आढळलेले हात : सात. सातव्या हाताचं अंदाजे वय : नऊ ते अकरा वर्षं. खात्री : सत्त्याण्णव टक्के.

त्याखाली कारखान्याचं नाव होतं. मगदूम सिल्व्हर वर्क्स. तिच्या सख्ख्या भावाचा कारखाना.

पुण्यातल्या बाणेरच्या त्या प्रयोगशाळेत 'हातखूण' हे यंत्र जन्माला आलं होतं आणि त्याची जन्मदात्री सुप्रभाच होती. ती धातुशास्त्राची. चांदीचे जोड का तुटतात यावर प्रबंध लिहिता लिहिता तिला एक वेगळीच गोष्ट सापडली होती. साखळीची कडी पकडीने दाबली की पकडीचे दात चांदीवर बारीक खुणा सोडतात. मग त्या कडीचं तोंड ज्योतीने झाळतात, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधतात. ती झाळ गोठायला जेमतेम पाव सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात हात जितका हलेल तितके थर तिच्या स्फटिकांत उमटतात. माणसाचा हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. मोठ्या माणसाच्या हाताचा कंप सेकंदाला दहाच्या आसपास असतो, लहान मुलाचा सहाच्या. दमलेल्या हाताचा वेगळा, भ्यालेल्या हाताचा आणखी वेगळा. एका जोडावरून काहीच कळत नाही. पण एकाच हाताचे पाचशे जोड यंत्राखाली ठेवले, की त्या हाताची पकड केवढी, वय काय, तो दिवसाचे किती तास राबतो, हे सगळं यंत्र सांगू लागतं. दागिना स्वतःच आपल्या कारागिराची साक्ष देतो.

ही साक्ष विकत घेतली 'सुकृत निधी'ने. निरनिराळ्या देशांतल्या परिचारिका, शिक्षक आणि बसचालक यांच्या निवृत्तिवेतनाचा पैसा त्या निधीत होता, आणि त्या माणसांची अट साधी होती. आमच्या म्हातारपणाची सोय कुणाच्या पोराच्या बालपणातून व्हायला नको. आजवर कंपन्या कागद दाखवत होत्या. आता कागदाची गरज उरली नव्हती. ज्या कंपनीच्या मालात लहान हात सापडेल तिच्यातून निधी पैसा काढून घेई, आणि निधीने पैसा काढला की बाकीचेही काढत.

कंपन्या आधी चिडल्या, मग घाबरल्या, आणि मग सुधारल्या. हे शेवटचं सुप्रभालाही अपेक्षित नव्हतं. कारखान्यांत धूर ओढणारे पंखे आले. सहाच्या ठोक्याला काम थांबू लागलं. कारण सहानंतर दमलेल्या हाताचा जोड लपत नव्हता. धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे, असं पूर्वी सभेत सांगणारा एक संचालक आता आपल्या पैंजणांत थकवा नाही म्हणून जाहिराती करत होता. हे सगळे पैशासाठी चांगले झालेत, असं कुणी म्हटलं की निधीच्या भारतातल्या प्रमुख गार्गी सबनीस हसत. "चांगलं वागायची सवय लागू दे," त्या म्हणत, "मग कारण कोण विचारतंय?"

गार्गीताई पूर्वी कामगारांच्या वकील होत्या. सुप्रभाने त्यांच्यासमोर अहवाल ठेवला.

"तुझा भाऊ?"

"हो."

"मग तू यातून बाजूला हो. दुसरं कुणी तपासेल."

"तपासायला नाही जात. विचारायला जाते. बहीण म्हणून."

गार्गीताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "चार दिवस. आणि हे लक्षात ठेव, त्या गल्लीतली चाळीस घरं यंदा पहिल्यांदाच नोंदली गेलीत, आणि तीही एकाच गटात. एकाचा माल परत आला तर सगळ्यांचा येतो."

*

हुपरीत शिरलं की कुठल्याही गल्लीत टकटक ऐकू येते. घराघरांत चांदी ठोकली जाते, तार ओढली जाते, घुंगरं भरली जातात. सुप्रभा दुपारी घरी पोचली ती सरळ मागच्या कारखान्यात गेली आणि हात मोजले. भूपालदादा, त्रिशलावहिनी, शेजारच्या तिघी बायका आणि मुशीपाशी चांदी वितळवत बसलेला आटणीवाला. सहा.

"पोरगं कुठंय, दादा?"

"कुठलं पोरगं?"

तिने अहवाल पुढे केला. भूपालने तो वाचला. पन्नाशीचा माणूस, पण वाचता वाचता त्याचे कान शाळेतल्या पोरासारखे लाल झाले.

"माझ्या कारखान्यात बारकं पोर बसवीन मी? तू मला हे इचारतीस, सुपी?"

"मी नाही विचारत. यंत्र विचारतंय."

"मग यंत्रालाच बसीव की इथं."

तिघी बायका खाली मान घालून कड्या जोडत राहिल्या. त्रिशलावहिनीने हातातली पकड ठेवली. "सांगा की आता तिला," ती नवऱ्याला म्हणाली. "चोरी केलीया काय कुणी?"

भूपालने अहवाल घडी करून खाली ठेवला. वहिनीच उठली आणि सुप्रभाला आतल्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेली.

खिडकीपाशी, बुटक्या पाटावर, चंदना बसली होती.

चंदना ही दोघांच्या मधली. भूपालपेक्षा चार वर्षांनी लहान, सुप्रभापेक्षा पाच वर्षांनी मोठी. जन्मतःच तिच्या गळ्यातली ग्रंथी काम करत नव्हती, आणि ते कळायला घरच्यांना सहा वर्षं लागली. तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. गोळ्यांनी ती जगली, पण उंची सुप्रभाच्या खांद्याला कधी लागली नाही, हात दहा वर्षांच्या मुलीएवढेच राहिले, आणि बुद्धीही तिथंच कुठंतरी थांबली. शाळेत ती टिकली नाही. मग वडिलांनी, आण्णांनी, तिला जवळ बसवून एक काम शिकवलं. एकच. पैंजण पुरा झाला की तो पायात अडकवायच्या आकड्याची शेवटची कडी बंद करायची. ते शिकायला तिला तीन वर्षं लागली. त्यानंतर गल्लीत तिच्याएवढी स्वच्छ कडी कुणाला जमली नाही.

आण्णा गेल्यावर ते काम थांबलं असेल, असं सुप्रभा धरून चालली होती. दर दिवाळीला ती घरी यायची, अक्काला साडी आणायची, आणि अक्का दिवसभर काय करते हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"सुपी, आलीस?" चंदना वर न बघता म्हणाली. "बस. माझं आठ राहिल्यात."

सुप्रभा जमिनीवर बसली. चंदनाने कडी उचलली, टाकणखारात बुडवली, इवल्या पकडीने दाबली, ज्योत फिरवली. कडी बंद झाली. पैंजण पाण्यात, मग कानाशी. घुंगरं वाजली तशी ती स्वतःशीच मान डोलवून पुढच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुप्रभाने प्रयोगशाळेतल्या एकाही माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

सुप्रभाला हसूच आलं. इतकं, की डोळ्यांत पाणी आलं. मूल नव्हतंच. सेहेचाळीस वर्षांची बाई होती.

बाहेर येऊन ती भूपालला म्हणाली, "नोंदवली का नाहीस तिला?"

"आगं, ती कामगार कुठली?" भूपाल म्हणाला. "घरचीच हाय की."

सुप्रभाचं हसू तिथंच थांबलं.

*

ते वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. सात वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका राज्यातल्या गावात, एका कारखान्याच्या माळ्यावर. तिथं एक मुकाबहिरा माणूस दिवसाचे सोळा तास कड्या जोडत बसला होता. पाय सुजून खांबासारखे झालेले. मालक म्हणाला होता, कामगार नाही हो, पुतण्या आहे, घरचाच. परत आल्यावर सुप्रभाने निधीला एक टिपण लिहिलं होतं. 'नातं म्हणजे संमती नव्हे' हे त्याचं पहिलं वाक्य. त्या टिपणातूनच सातवं कलम तयार झालं : नोंदलेल्या प्रत्येक कामगाराने स्वतंत्र तज्ज्ञापुढे आपली संमती समजून उमजून द्यायची. जो देऊ शकत नाही, त्याचं काम सक्तीचं धरलं जाईल. लहान मुलाच्या कामासारखंच.

तरीही तिने चंदनाचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला. अक्काला बोलता येतं, ऐकू येतं, कुणी तिला डांबून ठेवलेलं नाही. अडचण ती काय येणार?

तिसऱ्या दिवशी संमती तपासायला स्वतंत्र तज्ज्ञ म्हणून डॉक्टर ईशान कर्णिक आले. तिशीतला, हळू आवाजाचा माणूस. खुर्ची नाकारून ते चंदनासमोर जमिनीवर बसले. घरच्यांनी त्या खोलीत थांबायचं नाही असा नियम होता, म्हणून सुप्रभा आणि वहिनी स्वयंपाकघरात बसल्या. मधली भिंत पातळ होती.

"चंदनाताई, तुम्ही काय काम करता?"

"कडी लावतो." कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तशी चंदना बोलायची, 'करतो', 'येतो'.

"त्याचे पैसे मिळतात?"

"दादा देतोय. मी देवळात टाकतो."

"बरं. आणि उद्यापासून काम करायचं नाही, असं वाटलं तर?"

"उद्या ऐतवार हाय?"

"नाही. समजा, तुम्हाला कंटाळा आला."

"कशाचा?"

"कामाचा."

चंदना हसली असावी. वहिनीने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे, तुम्ही कामाला नाही म्हणू शकता का?"

"नाही म्हनलं तर पैंजण उघडंच राहील की."

डॉक्टरांनी तोच प्रश्न पाच तऱ्हांनी विचारला. तिला एकदाही कळला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "दादाने कधी जबरदस्ती केली, मारलं, तर कुणाला सांगाल?"

"दादाला," चंदना म्हणाली.

अंगणात येऊन डॉक्टरांनी चपला घातल्या. "त्या सुखात आहेत, हे मला दिसतंय," ते सुप्रभाला म्हणाले. "पण माझ्या कागदावर सुखाचा रकाना नाही. सोडून जाता येतं हे ज्याला ठाऊकच नाही, त्याचं राहणं ही संमती धरू नये. प्रशिक्षणात आम्हाला तुमचं टिपण वाचायला देतात, मॅडम. चांगलं टिपण आहे ते."

*

गार्गीताईंना तिने अंगणातूनच फोन लावला.

"ताई, तिच्या आयुष्यात हे एवढंच आहे."

"मी मानते."

"मग?"

"अशी दोनशे बारा प्रकरणं आहेत माझ्याकडे. त्यातल्या दीडशेहून जास्त ठिकाणी माणसं खरोखर जुंपलेली होती. त्यांना या कलमाने सोडवलं. आज तुझ्या बहिणीला सूट दिली, तर उद्या प्रत्येक मालकाला एक बहीण असेल. सुप्रभा, तिला आयुष्यभर दरमहा मदत मिळेल. निधी कुणाला वाऱ्यावर सोडत नाही."

"तिला मदत नकोय."

"मग काय हवंय ते तिच्याकडून नीट वदवून घेता आलं असतं, तर मीही तुझ्या बाजूने उभी राहिले असते."

संध्याकाळी भूपाल तिच्याशेजारी येऊन बसला. बाहेर गल्लीतली चार-पाच माणसं उगाचच घुटमळत होती. बातमी पसरली होती. चाळीस घरांचा माल अडकून पडला होता.

"तुझंच यंत्र हाय न्हवं?" भूपाल हळूच म्हणाला. "मग तेवढा एक हात सोड म्हणून सांग की त्याला."

ते अशक्य नव्हतं. नोंदवहीत एक ओळ बदलायची होती. सातवा हात : त्रिशला मगदूम, डावा. हे फक्त तिलाच जमणार होतं आणि कुणाला कधीच कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळभर ती तीच ओळ उघडून बसली. मग तिला त्या माळ्यावरच्या माणसाचे पाय आठवले. त्याच्या मालकाच्या ओळखीतही यंत्र चालवणारं कुणी असतं तर? तिने लॅपटॉप मिटला.

भूपालने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला समजलं. "मग तूच घे तिच्याकडनं," तो म्हणाला. "मला न्हाई जमायचं."

चंदना काम करत होती.

"अक्का, पकड दे."

"थांब. दोन राहिल्यात."

"आत्ता दे. आता काम नाही करायचं."

चंदनाने ज्योत बंद केली. "माझं चुकलं?"

"नाही गं."

"मग?"

"नियम आहे."

"कुणाचा?"

सुप्रभाला खोटं बोलता आलं असतं. "माझा," ती म्हणाली.

चंदनाने थोडा विचार केला. मग पकड उलटी धरून, मुठीकडची बाजू पुढे करून तिने ती सुप्रभाला दिली. कुणाला लागू नये म्हणून अवजार असंच द्यायचं, हे आण्णांनी शिकवलं होतं. चाळीस घरांचा माल दुसऱ्या दिवशी सुटला.

*

पुढचं सुप्रभाला वहिनीकडून फोनवर तुकड्या-तुकड्याने कळलं.

पहिले आठ दिवस चंदना रोज पाटावर येऊन बसायची आणि हात मांडीवर ठेवायची. वहिनीने तिला दुसरी एक छोटी पकड आणि तांब्याची तार दिली. तिने दोन कड्या केल्या आणि विचारलं, "हे कुणाच्या पायात जायाचं?" तार तशीच राहिली.

मग भूपालने एक युक्ती काढली. तिला पुन्हा खरे पैंजण द्यायचे, तिने शेवटची कडी लावायची, आणि ती झोपली की वहिनीने ती कडी कापून तिथं स्वतःची लावायची. यंत्राला फक्त वहिनीचा हात दिसणार. तीन महिने हे सुरळीत चाललं. चंदना जेवू लागली, गुणगुणू लागली. भूपाल फोनवर म्हणाला, "बघ, तुझ्या नियमाला पण वाट हाय." सुप्रभाने ऐकलं आणि कुणाला सांगितलं नाही. एवढंच करण्याची तिची ताकद होती.

दिवाळीनंतर एका दुपारी चंदना काहीतरी शोधत मुशीपाशी गेली. तिथं एका ताटलीत कापलेल्या कड्यांचा ढीग होता, आटवायला ठेवलेला. दुसऱ्या कुणाला त्या नुसत्या चांदीच्या कपच्या दिसल्या असत्या. चंदनाने एक उचलली, डोळ्यांजवळ नेली. मग दुसरी. वहिनी धावत आली तोवर तिने वीस-पंचवीस कड्या जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या.

"ह्या माझ्या हाईत," ती म्हणाली.

"अक्का, ते..."

"सगळ्या माझ्याच."

ती रडली नाही. तिने कड्या गोळा केल्या, ताटलीत भरल्या आणि ताटली आटणीवाल्यापुढे सरकवली. "आटीव," म्हणाली. त्या दिवसापासून ती पाटावर बसली नाही.

माघात वहिनीचा फोन आला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं. चंदना दोन दिवस उठलीच नव्हती. अंग गार पडलेलं, चेहरा सुजलेला, हाक मारली तर डोळे अर्धे उघडायची. सुप्रभा कोल्हापूरच्या इस्पितळात पोचली तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांची थायरॉइडची गोळी कधीपासून बंद आहे?"

बंद नव्हती. वहिनी रोज सकाळी हातावर ठेवत होती. पण घरी जाऊन बघितलं तर घुंगरांच्या रिकाम्या डब्यात गोळ्या सापडल्या. शंभराच्या आसपास. लहानपणी गोळी घ्यायला ती कुरकुर करायची म्हणून आण्णांनी तिला समजावलं होतं की ही कामाची गोळी आहे, आधी गोळी मग काम. चाळीस वर्षं तिने ती तशीच घेतली होती.

चंदना शुद्धीवर आल्यावर सुप्रभाने तिला विचारलं, "का गं टाकल्यास?"

"काम न्हाई तर गोळी कशाला?" चंदना म्हणाली. तिचा आवाज जाड झाला होता आणि शब्द उशिरा येत होते.

*

त्यानंतरचे चौदा महिने सुप्रभाने एकच गोष्ट केली. हुपरीच्या आसपासच्या गावांतून, ओळखीच्या-बिनओळखीच्या बायकांकडून तिने मगदूमांचे जुने पैंजण मागून आणले. आण्णांच्या काळातले, लग्नातले, कपाटाच्या तळाशी पडलेले. प्रत्येकाची शेवटची कडी यंत्राखाली ठेवली आणि पैंजण परत केला. अकरा हजार कड्या जमल्या, तेहेतीस वर्षांच्या. मग ज्यांना खरोखर जुंपलं होतं त्या माणसांचे जोड तिने शेजारी ठेवले. भीती हाताच्या कंपात दिसते. ज्याला उठून जाता येत नाही त्याचा हात दिवस चढेल तसा आखडत जातो. त्या माळ्यावरच्या माणसाच्या प्रत्येक जोडात ते लिहिलेलं होतं. चंदनाच्या अकरा हजार कड्यांत एकाही ठिकाणी नव्हतं. फक्त आण्णा वारले तेव्हा तिचा हात नऊ दिवस कापरा झाला होता.

विश्वस्तांच्या सभेत तिने हे मांडलं. "ज्या माणसाला तुमचा प्रश्न कळत नाही, त्याने उत्तर दिलेलंच नाही असं नाही," ती म्हणाली. "त्याने ते दुसरीकडे दिलं असेल. आपण तिथं बघत नव्हतो. कलम मी लिहिलं होतं. मीही बघितलं नव्हतं."

विश्वस्तांत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "तुमची बहीण आता कशी आहे?" सुप्रभाने समोरचे कागद गोळा केले, आणि त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

कलम बदललं. हातांची साक्ष, एक विश्वासू माणूस आणि दर तीन महिन्यांनी भेट, या तिन्हींवरून संमती धरता येईल असं ठरलं. दोनशे बारांपैकी एकसष्ट माणसं कामावर परत गेली. बाकीच्यांचं संरक्षण कायम राहिलं. हे बरोबर आहे, असं गार्गीताई म्हणाल्या आणि त्यांनी सुप्रभाचा हात बराच वेळ धरून ठेवला. वर्तमानपत्रांतून चांगलं छापून आलं. दुसऱ्या दोन निधींनी तेच कलम घेतलं.

कलम बदलल्याचं निधीचं पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सुप्रभा हुपरीला गेली. चंदना अंगणात शाल पांघरून बसली होती. आता ती गोळी घेत होती, कारण वहिनी ती गिळेपर्यंत समोर उभी राहत होती. बोटं थोडी जड झाली होती. सरावाने सुटतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

सुप्रभा तिच्यासमोर बसली. पर्समधून तिने ती छोटी पकड काढली. दोन वर्षं ती तिच्या टेबलाच्या खणात होती.

"अक्का, आता काम करता येईल तुला. तो नियम बदलला."

"कुणी?"

"मी."

चंदनाने पकडीकडे पाहिलं, मग सुप्रभाकडे. तिचे डोळे पूर्वीपेक्षा सावकाश फिरत. "परत बदलशील?"

"नाही गं. शपथ."

मागे कारखान्यात टकटक चालू होती. भूपाल दारात येऊन उभा होता, पण पुढे आला नाही.

"नको मला," चंदना म्हणाली.

"नको म्हणजे? आज नको? उद्या बघू या का?"

"नको. कडी लावतो, तू कापतीस. नको आता."

"मी नाही कापल्या, अक्का..." सुप्रभा म्हणाली आणि थांबली. तिने पकड मिटली आणि पर्समध्ये घालायला घेतली. ती आत जाईना, मग तिने ती नुसतीच मांडीवर धरून ठेवली.

"मग दिवसभर काय करतेस?"

"बसतो."

"मी बसू तुझ्याजवळ?"

चंदनाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर सुप्रभाला काहीतरी बोलता आलं असतं.

"तुला काम असंल," चंदना म्हणाली. "जा तू."

सुप्रभा उठली नाही. चंदनाने दोन्ही हात शालीखाली घेतले आणि ती गल्लीकडे तोंड करून बसली. चारची गाडी गेली. सहाचीही गेली. कारखान्यातली टकटक थांबली, बायका हात धुऊन आपापल्या घरी निघाल्या, आणि जाता जाता प्रत्येकीने चंदनाला हाक मारली. चंदनाने कुणालाच ओ दिली नाही.